झाकली मूठ

पाकिटात दहाची नोट असेल तर जरा काढा बघू. नसेल तर शंभराची चालेल. (हल्ली पाकिटात नोटच नसते हे मला ठाऊक आहे, त्यावर पुढे येतेच.) नोटेवर नंबर असतो. आधी तीन जागांचा एक गट, आकडे आणि अक्षर मिळून, आणि त्यापुढे सहा आकडे. आपल्याला त्या सहांशीच मतलब. त्यातला एखादा आकडा दोनदा आलाय का पाहा. बहुधा आलाच असेल. सहाच्या सहा आकडे वेगळे अशा नोटा शंभरात जेमतेम पंधरा निघतात.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. गणित हा माझा विषय कधीच नव्हता, मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण आमच्या स्टाफरूममध्ये गणिताच्या एक बाई होत्या, त्यांनी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मांडून दाखवलं होतं. पहिला आकडा दहातला कुठलाही, दुसरा उरलेल्या नऊतला, तिसरा आठातला, असं करत १० × ९ × ८ × ७ × ६ × ५. उत्तर आलं १,५१,२००. एकूण नंबर दहा लाख. म्हणजे शेकडा पंधरा. आणि एकच आकडा तीनदा किंवा जास्त वेळा आलेल्या नोटा किती? त्याही शंभरात पंधरा-सोळाच. बाकीच्या सगळ्या मधल्या, जोडीच्या. मला त्या दिवशी ते फार गमतीचं वाटलं होतं. कारण आमच्या घरात नोटांचे नंबर हा रोजचा विषय होता.

आमचे हे डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जायचे. सकाळची फास्ट लोकल, ठरलेला डबा, ठरलेली जागा. तीन जण इकडे, तीन तिकडे, मध्ये गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी. आजूबाजूला रमी चाले, पलीकडे भजनी मंडळ टाळ वाजवत असे. ह्यांच्या ग्रुपचा डाव मात्र वेगळा होता. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाच्या मुठीत एक रुपयाची घडी केलेली नोट. ते त्याला 'झाकली मूठ' म्हणत. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ही रुपयाची!

डाव असा. प्रत्येकाने आपल्या नोटेचा नंबर गुपचूप पाहून ठेवायचा. मग पहिल्याने बोली लावायची, समजा 'तीन तिर्र्या'. अर्थ असा की सहाही जणांच्या नोटा उघडल्या तर सगळ्यांत मिळून निदान तीन वेळा ३ हा आकडा निघेल. पुढच्याने ह्याच्यावर चढायचं. एकतर तेवढ्याच संख्येचा वरचा आकडा सांगायचा, 'तीन सत्त्या', किंवा संख्या वाढवायची, 'चार दुर्र्या'. बोली चढत जाते. तीन सत्त्या, चार सत्त्या, चार नव्व्या, पाच दुर्र्या, पाच सत्त्या... शेवटी कोणाला तरी वाटतं की हे काही खरं नाही. तो म्हणतो, 'उघडा!' मग सगळ्यांनी नोटा ब्रीफकेसवर उघड्या ठेवायच्या आणि मोजायचं. पाच किंवा जास्त सत्त्या निघाल्या तर 'उघडा' म्हणणाऱ्याची नोट गेली. चारच निघाल्या तर बोलीवाल्याची गेली.

हिशेब साधा आहे. सहा भिडू म्हणजे छत्तीस आकडे. तुमचे सहा तुम्हाला दिसतात. उरलेले तीस दिसत नाहीत, पण आकडे दहाच असल्यामुळे त्या तिसात प्रत्येक आकडा सरासरीने तीनदा यायला हवा. तुमच्या नोटेत दोन सत्त्या असतील तर पाच सत्त्यांची बोली सरळ माणसाची बोली. सहा म्हटलंत तर धाडस. आणि तुमच्याकडे एकही सत्ती नसताना तुम्ही पाच म्हणालात, तर ती थाप.

पण थाप तरी कशी म्हणावी? मला ह्यात कायम गंमत वाटत आली आहे. तुम्ही 'माझ्याकडे सत्त्या आहेत' असं कुठे म्हणता? तुम्ही म्हणता, सगळ्यांच्यात मिळून पाच आहेत. आणि कधी कधी तुमच्याकडे एकही नसताना त्या खरंच निघतात! म्हणजे खोटं बोलायला गेलात आणि खरं बोलून बसलात. धर्मराजाने अश्वत्थामा गेल्याचं सांगितलं तेव्हा शब्द खरे होते आणि हेतू खोटा. इथे हेतू खोटा, शब्द खरे-खोटे कोणालाच ठाऊक नाहीत. सातवीच्या मुलांना मी 'अंदाज', 'समजूत', 'थाप' आणि 'खोटं' ह्या चार शब्दांतला फरक ह्या डावावरूनच समजावत असे. फक्त नोटांच्या जागी बसची तिकिटं घ्यायची. नाहीतर बाई जुगार शिकवतात म्हणून बोंब व्हायची. :)

हा डाव डोंबिवली लोकलमध्ये आला कुठून? ग्रुपमधले एक जण पोर्ट ट्रस्टमध्ये होते, त्यांनी गोदीत परदेशी खलाशांकडून उचलला असं हे सांगायचे. खरं-खोटं ते जाणोत. मूळ डाव अमेरिकेतला, एक डॉलरच्या नोटांचा, एवढं मात्र नक्की. तिकडे त्याला लायर्स पोकर म्हणतात. न्यूयॉर्कमधल्या सालोमन ब्रदर्स ह्या रोखे-व्यवहार करणाऱ्या पेढीत तो इतका चाले की तिथे नोकरी केलेल्या मायकेल लुईस ह्यांनी १९८९ साली आपल्या पुस्तकाला तेच नाव दिलं. त्यात एक प्रसंग आहे. पेढीचे प्रमुख जॉन गुटफ्रॉइंड हे जॉन मेरिवेदर ह्या आपल्या नामांकित व्यापाऱ्याला एका डावावर दहा लाख डॉलर लावायचं आव्हान देतात. मेरिवेदर म्हणतो, एवढ्या रकमेला खेळायचं तर एक कोटीच लावू. आणि साहेब मागे फिरतात. नोटा हातात घेण्याआधीच डाव संपला! दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच पेढीने सरकारी रोख्यांच्या लिलावात खोट्या बोली लावल्याचं उघडकीला आलं आणि गुटफ्रॉइंड ह्यांना पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडे लगेच १९९२ साली हर्षद मेहता प्रकरण झालं. तिथेही बँकांच्या पावत्या होत्या आणि पावत्यांमागे रोखेच नव्हते. कोणी तरी 'उघडा' म्हणेपर्यंत मूठ सव्वा लाखाची नव्हे, कित्येक कोटींची होती.

असो. आपण आपल्या रुपयाकडे येऊ.

अमेरिकन नियम थोडा निराळा. तिथे एकाने 'उघडा' म्हणून भागत नाही. बोलीनंतर बाकीच्या सगळ्यांनी आळीपाळीने आव्हान द्यायला हवं, मधल्या एकाने जरी वर बोली लावली तरी डाव पुढे. सगळ्यांनी आव्हान दिलं की नोटा उघडायच्या, आणि मग बोलीवाला प्रत्येकाकडून एकेक डॉलर घेणार नाहीतर प्रत्येकाला एकेक देणार. हा नियम गाडीत टिकला नाही. त्याला वेळ फार लागतो. शिवाय महिनाअखेरीला एका फटक्यात पाच रुपये जाणं कोणाला परवडत नव्हतं. तेव्हा आमच्यात पाच रुपये म्हणजे पाच रुपये होते.

दुसरा घोळ कोऱ्या नोटांचा. ग्रुपमध्ये एक बँकवाले होते. पगाराच्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना एकाच पुडक्यातल्या कोऱ्या नोटा वाटल्या. शंभर नोटांचं पुडकं, नंबर ओळीने! आपल्या नोटेच्या शेवटी ४३ असेल तर शेजाऱ्याची ४४ असणार, आणि पहिले चार आकडे सगळ्यांचे एकच. त्या दिवशी पहिलीच बोली 'बारा पंज्या' अशी लागली म्हणे आणि डबा हसून हसून लोळला. तेव्हापासून नियम झाला, कोरी नोट चालणार नाही. निदान एकदा भिजून वाळलेली हवी!

(रिझर्व्ह बँकेच्या नोटांच्या पुडक्यात नंबर असे न चुकता ओळीने येणं २००६ पर्यंतच होतं. छपाईत एखादी नोट खराब निघाली तर त्याच नंबराची दुसरी छापून घालत. त्यानंतर दहा, वीस, पन्नासच्या नोटांत चांदणीवाल्या नोटा आल्या. खराब नोटेच्या जागी वेगळ्या नंबराची नोट घालतात आणि तिच्या नंबराच्या मध्ये एक चांदणी छापतात. पुष्कळांना ती नोट खोटी वाटते. खोटी नव्हे, बदली शिक्षिकेसारखी आहे.)

तिसरा घोळ राखून ठेवलेल्या नोटांचा. चार नव्व्या असलेली नोट हातात आली तर ती खर्च कोण करेल? ह्यांच्या पाकिटाच्या चोरकप्प्यात अशा दोन होत्या, मला माहीत होतं. मग रोज तीच नोट काढायची. पण त्याचा उलटाच परिणाम व्हायचा. लोक नोट ओळखायला लागले, ह्यांनी नव्वी म्हणताच 'ती चहा सांडलेली नोट काढली वाटतं' असं कोणीतरी म्हणायचं. बोगद्याचाही नियम होता. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, सव्वा किलोमीटरहून जास्त अंधार. डब्यातले दिवे लागले तर लागले. म्हणून बोगदा आला की सगळ्यांनी मुठी ब्रीफकेसवर ठेवायच्या आणि उजेड येईपर्यंत हलवायच्या नाहीत. मला ते दृश्य फार आवडायचं, मी कधी पाहिलं नाही तरी. सहा कर्ते पुरुष अंधारात मुठी मांडून बसलेत...

ह्या सगळ्यांत मोठा बदल झाला तो १९८२ साली. त्याबद्दल सांगायचं म्हणूनच खरं तर हे लिहायला घेतलं.

ग्रुपमध्ये दोघे मिलवाले होते. एक साच्यावर, एक हजेरीखात्यात. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही आठवडे सगळ्यांना वाटत होतं की होळीपर्यंत मिटेल. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. साच्यावरचे होते ते बायकामुलांना घेऊन कोकणात गावी गेले आणि परत आले नाहीत. हजेरीखात्यातले काही महिने दिसले नाहीत. मग पावसाळ्यात एक दिवस त्याच डब्यात, त्याच वेळेला, इस्त्रीच्या शर्टात हजर. मशीद बंदरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत लागलो म्हणाले. सगळ्यांना आनंद झाला. जागा करून दिली. नोटा निघाल्या. ते म्हणाले, आज बघतो नुसता.

दुसऱ्या दिवशीही बघतो म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. एरवी ग्रुपमधला सगळ्यांत बेधडक गडी तोच. हातात सगळे वेगळे आकडे असताना सहा नव्व्या म्हणायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून हसायचा.

चौथ्या दिवशी बँकवाल्यांनी नोटा काढू दिल्या नाहीत. म्हणाले, मी चौकशी केली आहे, हा पैशाचा डाव आहे, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालापासून आहे, सार्वजनिक जागी पैसे लावणं गुन्हा आहे, आणि माझी बँकेची नोकरी आहे. पाच वर्षं हाच माणूस ह्याच गाडीत रुपये हरत-जिंकत होता! त्यांनी नवा नियम सांगितला. सगळ्यांच्या नोटा एका डब्याच्या झाकणात जमा करायच्या, कालवायच्या, न बघता एकेक उचलायची. डाव संपला की ज्याची नोट त्याला परत. ज्याच्याकडे सुटी नोट नसेल त्याला आपण देऊ, परतच तर येणार आहे. आणि जो हरेल त्याने ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत उभं राहायचं.

डोंबिवलीकराला पैशापेक्षा बसायची जागा प्यारी असते हे इतर गावच्या वाचकांना पटणार नाही. पण डाव त्यामुळे भलताच रंगायला लागला. राखलेल्या नोटांची लबाडी आपोआप बंद झाली. ब्रीफकेसभोवती जास्त लोक जमायला लागले. मिलवाले पूर्वीसारखे खेळायला लागले आणि पुष्कळदा उभेही राहिले. हे घरी येऊन नव्या नियमाचं कौतुक सांगायचे, कारणाबद्दल अवाक्षर नाही. म्हणायचे, बँकवाले फार कायदेबाज झालेत.

मिलवाल्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. हुशार, अक्षर मोत्यासारखं. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला तिची आई शाळेत आली. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. ती माउली पेन हातात धरून थांबली. मग मला हळूच म्हणाली, "बाई, हे दादरला स्टेशनबाहेर रुमाल-पंचे विकतात. मुलीला माहीत नाही. तुमच्या साहेबांच्या गाडीत असतात ना हे, म्हणून सांगते, घरी बोलू नका." मी म्हटलं, "व्यवसाय असं लिहा. खोटं नाही ते." तिने लिहिलं. मी घरी बोलले नाही. रोज संध्याकाळी हे मशीद बंदरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोष्टी सांगत, तिथला मालक कसा विक्षिप्त आहे वगैरे, आणि मी भाजी निवडत ऐकत असे.

पुढे ते कुटुंब मार्गी लागलं. मुलगी शिकली, नोकरीला लागली, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन घरी आली. ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, आता सांगायला हरकत नाही. आणि सांगितलं. ह्यांनी पेढा संपवला, हात पुसले आणि म्हणाले, "आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पोस्टवाले दादरला उतरायचे ना. त्यांनी पाहिलं. मग ते त्या पुलाने जायचंच बंद झाले, लांबच्या पुलाने जायचे, दीड वर्षं." मी विचारलं, "आणि ते विक्षिप्त मालकाचे किस्से?" तर म्हणाले, "ते तो रोज नवीन सांगायचा. चांगले असायचे. मी तुला सांगायचो."

पोस्टवाले लांबच्या पुलाने जात होते ते मिलवाल्यांना कळलं होतं का, हे ह्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटतं, कळलं असणार. असा खेळणारा माणूस.

एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली. (२०१५ साली पुन्हा सुरू झाली, पण हातात कुठे येते?) त्या नोटेची एक गंमत सांगते. बाकी नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते आणि धारकाला इतके रुपये देण्याचं वचन असतं. एक रुपयाची नोट भारत सरकारची, तिच्यावर अर्थसचिवांची सही, आणि वचन नाहीच. तो डाव वचन नसलेल्या नोटेवर चालला हे मला योग्यच वाटतं. नंतर दोनच्या, पाचच्या नोटा गेल्या, नाणी आली, डाव दहाच्या नोटेवर गेला. हे निवृत्त झाल्यावर ग्रुप पांगला आणि डाव आमच्या घरात आला. दिवाळीत, गणपतीत, नातवंडं जमली की फराळाच्या ताटाभोवती.

बाहेरगावचे लोक विचारतात, तुमच्या कल्याणचा तो मटका ह्याचाच भाऊ का? नाही हो! मटक्यातही आकडे आणि पैसे आहेत एवढंच साम्य. तिथे नशीब, समोर कोणाचा चेहरा नाही. आणि तो कल्याण मटका आमच्या कल्याणचा नव्हेच. १९६२ साली मुंबईत कल्याणजी भगत ह्यांनी सुरू केला म्हणून कल्याण. माझं माहेर कल्याणचं, त्यामुळे हा खुलासा मी आयुष्यभर करत आले आहे.

मग आला ८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बाद. चलनात असलेल्या नोटांच्या मूल्यापैकी ८६ टक्के! त्या आठवड्यात ठाण्याला आमच्या घरात जे झालं ते तुमच्याही घरात झालं असेल. डाळीच्या डब्यातून, पैठणीच्या घडीतून, देवघरातल्या पोथीच्या फडक्यातून नोटा निघाल्या. आमच्या जाऊबाई जन्मभर 'माझ्याकडे कुठले आलेत पैसे' म्हणत आल्या. त्यांनी चाळीस हजार काढून दिरांसमोर ठेवले तेव्हा भाऊजी नुसते बघतच राहिले. सरकारने 'उघडा' म्हटलं ते काळ्या पैसेवाल्यांना, मुठी उघडल्या त्या बायकांच्या. आणि शेवटी मोजलं तेव्हा १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी बँकेत परत आलेले. आमच्या ग्रुपच्या नियमाने नोट कोणाची गेली असती हे ज्याचं त्याने ठरवावं. जाऊबाईंचे पैसे मात्र त्यांच्या नावाच्या खात्यात भरले गेले, मी स्वतः त्यांच्याबरोबर रांगेत उभी होते. भाऊजी म्हणत होते, माझ्या खात्यात भर. ती म्हणाली, नाही.

नव्या नोटांवर नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. सुरक्षिततेसाठी आहे म्हणतात. आमच्या वयाच्या माणसांना पहिले दोन आकडे चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि डाव सुरू असताना चष्मा सारखा करणं म्हणजे सुरुवातीला काहीतरी बघण्यासारखं आहे हे जाहीर करणं! आता तर नोटाच नाहीत. गेल्या गणपतीत पाच तरुण मंडळी जमली आणि पाचांत मिळून एक नोट निघाली. भाचेसुनेने तोड काढली. फोनवरून पैसे पाठवले की बारा आकडी संदर्भ क्रमांक येतो, तोच नोट समजायचा. पण एकाच दिवशीच्या व्यवहारांचे सुरुवातीचे आकडे सारखेच निघाले, म्हणजे पुन्हा कोऱ्या नोटांचाच घोळ. शेवटी मी आतून दहाच्या नोटांचं पुडकं आणलं. ते मी त्यासाठीच ठेवते.

आमचा मोठा नातू न्यू जर्सीला असतो, बारा वर्षांचा. रविवारी त्याची सकाळ आणि आमची संध्याकाळ असते तेव्हा आम्ही पडद्यावर खेळतो. त्याची डॉलरची नोट, माझी दहाची. डॉलरवर आठ आकडे, आपल्याकडे सहा, म्हणून त्याने पहिले दोन सोडायचे असं ठरलं. झाकणातून उचलायची सोय नाही, म्हणजे तो सांगेल ती नोट आणि मी सांगेन ती नोट. हे गेल्याला सहा वर्षं झाली. ते असते तर म्हणाले असते की असा डाव खेळूच नये. पण त्या मुलाला थाप मारताच येत नाही. बोली चढवली की कान लाल होतात, पडद्यावरसुद्धा दिसतात. त्याची आई म्हणते, शाळेत त्याला फार त्रास होतो ह्याचा, कोणीही काहीही सांगतं आणि ह्याला खरं वाटतं. म्हणून मी त्याला दर रविवारी शिकवते. आधी तीन-चार डाव अगदी सरळ खेळ, तुझ्या आजोबांसारखा. लोकांना तुझ्या सरळपणाची सवय होऊ दे. मागच्या रविवारी त्याने 'पाच अठ्ठ्या' म्हटलं. दोघांत मिळून आकडे बारा. माझ्याकडे एकच अठ्ठी. कान पाहिले, नेहमीच्या रंगाचे. मी म्हटलं, उघड. त्याच्या नोटेत दोनच निघाल्या! मी जिंकले खरी, पण कान लाल झाले नव्हते. दोघांनी मिळून इतका आनंद केला की त्याच्या आईला वाटलं, तोच जिंकला.

राहता राहिला शून्याचा प्रश्न. डोंबिवलीच्या ग्रुपमध्ये शून्य म्हणजे भोपळा, सगळ्यांत खालचा. माझी धाकटी बहीण कल्याणहून व्हीटीला जायची, त्यांच्या लेडीज डब्यातही मटार सोलून झाले की हा डाव होई आणि त्यात शून्य म्हणजे दहा, नव्वीच्याही वर. ह्यावरून ह्यांचं आणि तिचं दर भाऊबीजेला भांडण. नातवाने सांगितलं की तिकडे पुष्कळ जण शून्याला दहाच धरतात आणि एक्का सगळ्यांत वर, पत्त्यांसारखा. मी बहिणीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "बघ! मी सांगत होते की नाही भावजींना?" मी म्हटलं, डोंबिवलीत चालणार नाही. ती म्हणाली, आता डोंबिवलीत उरलंय कोण खेळायला, तू तर ठाण्याला राहतेस.

तुमच्या घरी खेळत असाल तर भोपळ्याचं काय करता ते कळवा. बहिणीला सांगायचं आहे.